झोपलेली पाणथरी

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

फेसच्या नव्या शहरातून तटबंदीतल्या जुन्या शहराकडे येणारी दुपारची बस. बतूल दांडीला धरून उभी होती. उभी कसली, लोंबकळत होती, आणि डाव्या कुशीतला तो दगड प्रत्येक वळणाला अर्धा क्षण उशिरा वळत होता. पुढच्या बाकावरची एक शिकणारी मुलगी पुस्तकं छातीशी धरून उठली. मागून कंडक्टर म्हणाला, "सरका हो जरा, बाई दोन जिवांची आहे, डोळे कुठे ठेवलेत?" बतूल बसली. बसली ते बसली, वर पोटावर हात ठेवला, आणि "अल्लाह तुला सुखात ठेवो, पोरी" असंही म्हणाली. मुलगी हसली. शेजारच्या बाईने आपली टोपली मांडीवर ओढून घेतली आणि अंग चोरलं, जणू बतूलच्या पोटातल्याला धक्का लागू नये. एवढंच झालं. पण जुन्या शहराची भिंत ओलांडून बस वेशीच्या दरवाजाशी थांबेपर्यंत बतूलला तो हात खुपत राहिला, कारण आज सोमवार होता, तिचा रोजा होता, आणि सोमवार-गुरुवारचा तिचा रोजा नुसता पोटाचा नव्हता. आईने लहानपणी शिकवलं होतं की तोंडात घास गेला नाही तरी तोंडातून खोटा शब्द गेला तर रोजा भोकाच्या घागरीसारखा, वाहणाऱ्याला वाटतं भरलेली आहे. शब्द तर तिने खोटा उच्चारला नव्हता. हात ठेवला होता फक्त. हाताचा हिशेब कोण कसा धरतं, हे आई सांगायची राहिली होती.

आणि तो हात कशावर ठेवला होता, हे तिला दोन तासांपूर्वीच नीट कळलं होतं. डॉक्टर सक्कात यांची बोटं गार होती. त्यांनी डाव्या बरगडीखाली दाबलं, मग खाली, मग आणखी खाली, आणि जिथे जिथे कड लागली तिथे तिथे शाईच्या पेनाने अंगावर रेघ ओढत गेले. बेंबी ओलांडून रेघ पलीकडे गेली तेव्हा बतूलला आधी लाज वाटली आणि मग राग आला, की आपल्याच अंगात एवढं मोठं शेत कोणीतरी बळकावलं आणि आपल्याला पत्ता नाही. हाताखालच्या तरुण डॉक्टरकडे वळून ते फ्रेंचमध्ये म्हणाले, "ला रात." दारात टोपी हातात घेऊन तिचा नवरा अब्देलहक उभा होता. तेवढं ऐकून तो म्हणाला, "मी निघतो, परात भट्टीवर तशीच आहे," आणि गेलाच. पुढचं सगळं ऐकायला बतूल एकटी उरली. डॉक्टर बोलत होते आणि त्यांच्या शेजारची नर्स ते आपल्या भाषेत करून सांगत होती. रक्ताचा कर्करोग. हळू चालणारा आहे, पण थांबणारा नाही. मूळ हाडांच्या आत आहे, तिथे सुरी पोचत नाही. पण ही जी फुगली आहे ती तुमचं होतं नव्हतं ते रक्त खाते आहे. ही काढली तर आजार जाणार नाही, पण रक्त अंगात टिकेल. "ही म्हणजे कोण?" बतूलने विचारलं. "ला रात म्हणजे पाणथरी, मावशी," नर्स म्हणाली. "बाजारात मिळते ना, भरलेली? तीच, पण तुमची."

बतूलला तेव्हा हसू आलं होतं, आणि ते हसू पाहून नर्स घाबरली होती. बाजारात मिळते. मिळते काय, दरवाजाजवळ काळ्या तव्यावर तिचाच नवरा विकतो, त्याच्या आधी त्याचा बाप विकायचा. आणि लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून रोज सकाळी अंगणात दगडी ओट्याशी बसून सासूच्या शेजारी ती पाणथऱ्या शिवत आली होती. उंटाच्या मोठ्या, बैलाच्या मध्यम, जांभळ्या-काळ्या, जिभेसारख्या लांब. कडेने चीर द्यायची, आत हात घालून खिसा करायचा, खिमा, ऑलिव्ह, लसूण, लिंबाचं लोणचं भरायचं, आणि जाड दोऱ्याने तोंड शिवून टाकायचं. मग गल्लीच्या भट्टीत. दोन रक्तं आपल्याला हलाल केली आहेत, सासरे म्हणायचे, काळीज आणि पाणथरी, बाकी सगळं रक्त हराम. म्हणजे आपण इतकी वर्षं जी खात आलो ती आता आपल्याला खायला बसली, असं मनात येऊन ती हसली होती. त्या तपासणीच्या खाटेवर उघड्या पोटाने पडून हे कोणाला सांगणार? घरी गेल्यावर अब्देलहकला सांगू, तो हसेल आणि मग कदाचित रडेल, आणि मग दोघं मिळून सासूला, लल्लांना, सांगू, असं तिने बसमध्ये चढताना ठरवलं होतं.

पण गल्लीच्या तोंडाशीच शेजारीण रकिया भेटली आणि तिने बतूलच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "देर आहे, अंधेर नाही," ती म्हणाली, "एवढी वर्षं झोपला, आता उठला. डॉक्टरसुद्धा तेच म्हणाला म्हणे." दारातून धुपाचा वास येत होता. आत सासू, लल्ला हनिया, कधी नव्हे ती ठेवणीतला पांढरा रुमाल बांधून बसली होती आणि दोन म्हाताऱ्या चहा पीत होत्या. बतूलने अब्देलहकला जिन्याखाली गाठलं.

"तुम्ही काय ऐकलंत नक्की?"

"रात म्हणाले ना ते. रा... पुढचं ऐकू आलं नाही. मी आईला तेवढंच सांगितलं. राग्द असणार, ती म्हणाली."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी गप्प बसलो."

"तुमचं गप्प बसणं म्हणजे गावभर दवंडी."

"उद्या सांगू," तो म्हणाला. "शांतपणे सांगू. आज ती खुशीत आहे."

राग्द. झोपलेलं मूल. पोटात राहिलेलं मूल कधी कधी झोपी जातं, आणि नवरा परदेशी असो, घरी असो, आईचं वय होवो, ते आपल्या वेळेला उठतं, हे या गल्लीत कोणी कोणाला समजावून सांगत नाही, जसं पाणी उताराकडे जातं हे सांगत नाही. बतूलच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती तेव्हा एकदा तिचे दोन महिने चुकले होते, आणि मग चुकायचे थांबले होते. त्या सुमारास मोठी नणंद झुबिदा रोज यायची. तिच्या नवऱ्याच्या भाचीचं नाव घरात रोज निघायचं, किती शांत, किती कामसू, कमरेने कशी रुंद. एके दिवशी झुबिदा चहा ओतत असताना सासू पाणथरी शिवता शिवता मान वर न करता म्हणाली, "बतूलचं मूल गेलं नाही. झोपलंय." दोरा दातांनी तोडला आणि पुढची पाणथरी घेतली. त्या दिवसापासून बतूलला कोणी वांझ म्हटलं नाही. लग्नकार्यात तिला पुढे बसवत. जड घागर उचलू देत नसत. ती भाची सेफ्रू गावात दिली गेली आणि तिला पाच मुलं झाली. बतूल झोपलेल्या मुलाची आई म्हणून तिशीतून चाळिशीत आली. स्वतः ती यावर विश्वास ठेवत होती का? नमाजानंतर हात उघडून बसायची तेव्हा ती कधी मूल मागायची नाही, जागं कर असंही म्हणायची नाही. तुला ठाऊक, एवढंच म्हणायची. ही तिची प्रार्थना होती की पळवाट, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. विचारायची कधी गरजच पडली नाही, लल्लांनी सगळं शिवून टाकलं होतं.

अब्देलहकचा तो उद्या आला नाही. परवाही आला नाही. नवऱ्याने येऊन स्वतः हो म्हटल्याखेरीज डॉक्टर सुरी धरणार नव्हते, आणि नवरा आईने हो म्हटल्याखेरीज हो म्हणणार नव्हता, आणि आईपुढे तो विषय काढायला तोंड उघडायचा आणि भाकरीचा तुकडा घालून मिटायचा. बतूलच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. उशीवर सकाळी गंजाचा डाग असे, तो ती कोणी उठायच्या आत धुऊन टाकी. नुसतं दार अंगाला घासलं तरी दंडावर वांग्याच्या रंगाचा चट्टा उठे. आणि गल्ली तिला खारका देत होती. हमामात बायकांनी तिला गरम पाण्याच्या टाकीपासून दूर बसवलं, एकीने न विचारता पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाली, "लाथ मारतोय." बतूलला वाटलं, हिचा हात इथेच धरून ठेवावा आणि सांगावं, लाथ नाही गं बाई, माझं रक्त गिळतोय तो. पण ओठ हलले ते "इन्शाअल्लाह" म्हणायला. स्वतःच्या शरीरात ती पाहुणी झाली होती, आणि यजमान मंडळी तिला विचारल्याशिवाय पंगत वाढत होती. सगळ्यांत जास्त राग तिला कोणाचा येत होता, तर त्या झोपलेल्याचा, जो नव्हताच. नसून इतकी जागा कोणी व्यापावी? डॉक्टरांनी रोजे बंद करायला सांगितलं होतं. खालच्या मानेने ती हो म्हणाली होती आणि गुरुवारी पुन्हा धरला होता. उठायला झालं नाही, नमाज बसून पढली, आणि सलाम फेरताना डावीकडे वळायला गेली तर कुशीतला दगड वळू देईना. उजवीकडच्या फरिश्त्याला सलाम पोचला, डावीकडचा तसाच राहिला. तिथे जाजमावर बसल्या बसल्या तिने ठरवलं.

लल्ला ओट्याशी बसली होती. आजचा माल परातीत होता. बतूल समोर बसली, एक पाणथरी उचलली, आणि चीर न देता तशीच मांडीवर ठेवली.

"लल्ला, माझ्या पोटात ही आहे. मूल नाही."

म्हातारीने सुईत दोरा ओवला. पहिल्या खेपेला ओवला. "मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "माझा जन्म गेला यांच्यात हात घालण्यात. मूल डावीकडे बरगडीखाली येऊन बसतं होय? रकियाला कळणार नाही, मला कळत नाही?"

बतूलने मान वर केली. "मग तुम्ही..."

"मग मी काय. तेव्हाही ठाऊक होतं. मूल नव्हतंच काही, वारा होता. पण झुबिदा माझ्या पोटची असली तरी तिची जीभ मला ठाऊक आहे. त्या रुंद कमरेवालीला तिने तुझ्या खोलीत आणलं असतं आणि तुला माहेरी पाठवलं असतं. तुझं माहेर म्हणजे काय होतं, एक आंधळा बाप." तिने टाका घातला. "म्हणून मी त्याला झोपवलं. इतकी वर्षं झोपवून ठेवलं, एकटीने. तू तर कधी अंगाईसुद्धा म्हटली नाहीस."

"डॉक्टर म्हणतात नाही काढली तर..."

"डॉक्टर म्हणतात ते मला दिसतं. उशा कोण धुतं रोज पहाटे, मला ऐकू येत नाही?" म्हातारीने सुई खाली ठेवली. तिच्या तळहातावरच्या जुन्या मेंदीत रक्त मुरलं होतं. "काढ. मी अब्देलहकला सांगते. पण एक लक्षात ठेव. बाहेर येईल ते मूल असेल. मेलेलं जन्मलं, अल्लाहची मर्जी. पाणथरी हा शब्द या दारातून बाहेर गेला की माझ्या घरात झोपलेलं मूल नव्हतं, वांझ सून होती आणि खोटारडी सासू होती, असं होईल. झुबिदा अजून जिवंत आहे. तुझा नवरा अजून पन्नाशीचा नाही."

"मी खोटं नाही बोलणार, लल्ला."

"तुला कोण बोल म्हणतंय? गप्प बस. मी बोलेन. माझा रोजा नसतो."

असा तो सौदा झाला. म्हणजे झाला असं बतूल म्हणाली नाही, पण तिने मांडीवरच्या पाणथरीला चीर दिली आणि ती शिवायला घेतली, यालाच होकार समजायचं होतं. एवढ्या वर्षांचं उपकाराचं ओझं एका दुपारी अंगावर आलं आणि त्याला फेकताही येईना, उचलताही येईना. कोणी आपल्याला वाचवलं हे आज कळावं, आणि तेही परत बुडण्याची अट घालून.

दवाखान्यात तिने डॉक्टरांकडे एकच मागणी केली, की काढाल ते जाळू नका, आम्हाला द्या, अंगाचा तुकडा मातीत जायला हवा. त्यांनी तपासायला एक चकती ठेवून घेतली आणि बाकीची दिली. ती शुद्धीवर आली तेव्हा खाटेशी अब्देलहक बसला होता, त्याच्या बाहीवर ओली माती होती. "जड होती गं," तो म्हणाला. "मी आजवर किती उचलल्या असतील. हाताला ओळखच लागेना." आणि तो रडला, ज्याची तिने बसमध्ये वाट पाहिली होती ते रडणं, पण ती त्याला हसवायची गोष्ट सांगायला गेली तर टाके ओढले. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आईने पांढरं फडकं दिलं होतं. बापाच्या पायाशी पुरली. वर मेंदीच्या डहाळ्या ठेवल्या."

ती घरी आली ती थेट मातमात, दुखवट्यातच. गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या. अल्लाह भरपाई देवो, त्या म्हणत होत्या, आणि तिच्यासाठी कबुतराचा रस्सा, मेथी घातलेली कोंबडी, बाळंतिणीला द्यायचं ते ते सगळं आणत होत्या. झुबिदाही आली, पायापासून डोक्यापर्यंत तिच्याकडे पाहत बसली, आणि मग साखरेचा खडा फोडावा तसं विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

"मुलगी," लल्ला म्हणाली. एक क्षणही लागला नाही.

बतूलने भिंतीकडे तोंड केलं. आता त्या नसलेल्या मुलाला लिंगही मिळालं होतं. उद्या नावही मिळेल, परवा कोणाच्या तरी स्वप्नात येईल. तिच्या अंगात रक्त टिकू लागलं होतं, हिरड्या कोरड्या झाल्या होत्या, जिना चढून गच्चीवर जाता येत होतं, हे कोणाला सांगायची सोय नव्हती. मूल गेलेल्या बाईच्या गालावर लाली येणं बरं दिसत नाही, तेव्हा ती ओढणी पुढे ओढून घेई. आणि डॉक्टरांनी निघताना बोट उगारून जे सांगितलं होतं ते तर मुळीच बोलायचं नव्हतं, की पाणथरी नसलेल्या माणसाला ताप म्हणजे साधा ताप नसतो. अंग तापलं की ऊन उतरायची वाट पाहू नका, निघून या. आजार आत आहेच. आणि घराला आता राखणदार नाही.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर तिला थंडी वाजली. आधी दात वाजले, मग गुडघे. अब्देलहक दुकानावर. रकिया धावत वर आली, कपाळाला हात लावला आणि जाणत्यासारखी मान हलवली. "दुधाचा ताप. मूल नाही तरी दूध उतरतंच, त्याला काय ठाऊक? गरम फडकं बांधते, रात्रीपर्यंत उतरेल."

"दवाखान्यात जायचंय," बतूल म्हणाली.

"दूध उतरायला दवाखाना? लोक हसतील. पडून राहा गं, दुःख बाहेर पडतंय ते."

बतूलने दारात उभ्या असलेल्या लल्लाकडे पाहिलं. म्हातारी चौकट धरून उभी होती, तिचा ओठ हलत होता, पण त्यातून शब्द येत नव्हता. इतकी वर्षं जिने बोलायचं काम केलं तिच्याकडे आज बोलायला काही नव्हतं, आणि जिने गप्प राहायचं काम केलं तिचे दात एकमेकांवर आपटत होते. "लल्ला," बतूल म्हणाली, "खेचर मागवा." रकिया गरम फडकं आणायला खाली गेली, आणि तिच्या मागोमाग म्हातारी जिना उतरली. चाळिशीतल्या बाईच्या वेगाने उतरली.

अरुंद गल्ल्यांतून खेचर वर चढत होतं. हाकणारा पुढे "बालक, बालक", म्हणजे बाजूला व्हा, असं ओरडत वाट मोकळी करत होता आणि माणसं भिंतींना चिकटून त्यांना वाट देत होती. बतूल पुढे वाकून आयाळ धरून होती, लल्ला शेजारून चालत तिचा पाय धरून होती, जणू ती वरून सांडेल. दारांतून बायका बघत होत्या. बिचारी, तापली, कोणीतरी म्हणालं, पहिलंच होतं ना. बतूलला ते सगळं लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं, आणि आतमध्ये एकच गोष्ट स्वच्छ होती, तिथे, डाव्या कुशीत, जिथे इतके दिवस दगड होता तिथे आता काहीच नव्हतं. पहिल्यांदाच कोणी झोपलेलं नव्हतं.

दरवाजाबाहेर लाल टॅक्सी मिळाली. चालकाने आरशातून मागे पाहिलं. एक म्हातारी, तिच्या खांद्यावर मान टाकलेली सून, घाम. "बाळंतपण का, लल्ला? हळू नेऊ?"

लल्ला हनियाने तोंड उघडलं. पण आज गुरुवार होता, आणि बतूल आधी बोलली.

"नाही, दादा. पाणथरी."

"अरे देवा," चालक म्हणाला आणि गाडी सुरू केली. "बाधली होय. या उन्हाच्या दिवसांत खाऊच नये बाहेरची. कोणाकडची खाल्लीत? त्या दरवाजापाशी एक अब्देलहक म्हणून बसतो, त्याची तर नाही? शिळी विकतात हो हे लोक, तोंड शिवलेलं, आत काय आहे कोणाला दिसतंय."

मागच्या बाकावर म्हातारी ताठ झाली. तिचा पांढरा रुमाल मागे सरकला होता, तो तिने पुढे ओढला नाही.

"तो माझा मुलगा आहे," ती म्हणाली. "त्याच्या बापापासून आमच्या पाणथरीने आजवर या शहरात कोणाचं पोट बिघडलेलं नाही. मी स्वतः शिवते. आणि हिने काही खाल्लेलं नाही. हिची स्वतःची होती, आजारी होती, ती काढलीय. मूलबाळ काही नव्हतं. कळलं? आता नीट पुढे बघून जोरात चालव."

चालकाने हॉर्न दाबून धरला. खिडकीबाहेर भिंत मागे पडत होती आणि नव्या शहराचा रुंद रस्ता येत होता. बतूलने डोळे मिटले. बाजूला म्हातारी अजून धुसफुसत होती, शिळी म्हणे, शिळी, आणि तिचा रक्तात मुरलेला, लसणीच्या वासाचा तळहात सुनेच्या डाव्या कुशीवर, टाक्यांवर, घट्ट दाबून धरलेला होता.